पेजेतली गोळी

माझा पोरगा मला उलट बोलायला लागला. चौतीस वर्षं ज्याच्या तोंडून "हो माय" याच्यापुढे अक्षर निघालं नाही, तो हेमेंद्र श्रावण लागला तसा मला म्हणायला लागला, "माय, तू जरा चूप राय." आधी एकदा. मग आठवड्यातून दोनदा. मग दिवसाआड. तेही भर अंगणात, बायकोच्या पुढ्यात. एकदा तर छोटेलाल आमच्या खाटेवर बसून चहा पीत होता तेव्हा. छोटेलाल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने कप खाली ठेवला आणि बैलांकडे बघत बसला. परक्या माणसाला लाज वाटली, माझ्या पोटच्याला नाही.

हे कसं झालं ते सांगते. त्यात मी जे केलं तेही सांगावं लागेल. ते सांगायचं नव्हतं, पण आता गावालाच माहीत आहे.

मी सुलोचनाबाई. केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे आणि तो आमच्या घरच्या लोकांनी बांधला. कुणी बांधला, कधी बांधला ते कागदावर नसेल, पण पाळीचा, म्हणजे तलावाच्या बांधाचा, प्रत्येक दगड आमच्या माणसांच्या डोक्यावरून गेला आहे. पाणी सोडायचं काम आमच्याच घराकडे असायचं. माझे मालक बकाराम पाळीवर उभे राहिले की खालच्या धानाच्या दोनशे बांध्यांत, एवढ्या तुकड्यांत, कुणाची तक्रार नसायची. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. काम हेमेंद्रकडे यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. कारण हेमेंद्रला मिरगी आहे.

विसाव्या वर्षी खळ्यावर पडला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. लोकांनी जोडा हुंगवला. तेव्हा मलाही अक्कल नव्हती, मीही जोडा धरला. मग साकोलीच्या एका डॉक्टरने पांढऱ्या गोळ्या दिल्या, दिवसाला तीन. चौदा वर्षं मी त्या माझ्या हाताने दिल्या. एक दिवस चुकला नाही. झटके कमी झाले, बंद झाले नाहीत. महिन्याला एक, कधी दोन. हिरड्या फुगून दातांवर आल्या. चालताना पाय फाकवून, झोकांड्या खात चालायचा. बाजारात लोक म्हणायचे, बकारामचा पोरगा दुपारीच लावून येतो. त्याने आयुष्यात मोहाच्या दारूचा वासही घेतला नाही. असं म्हणणाऱ्याच्या दारात जाऊन मी उभी राहायची आणि त्याच्या तीन पिढ्यांचं काय ते बोलून यायची.

आणि तो गरीब. कुठं बसवलं तिथं बसायचा. मी म्हणायची, पाळीवर जायचं नाही. तो म्हणायचा, हो माय.

नूतन लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली. लग्नाआधीच मी तिच्या बापाला सगळं सांगितलं होतं, आमच्या घरात लपवाछपवी नसते. ती बारावी शिकलेली आहे, डोकं वर करून चालते. या वर्षी मृग लागायच्या आधी मला म्हणाली, "आत्याबाई, गोंदियाले एक डॉक्टरबाई येते नागपूरवरून. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. फक्त मेंदूचंच पाहते. आपण यायले दाखवू."

मी म्हणाले, "काऊन? चौदा वर्षं मी काय झोपून राहिली होती का?"

ती म्हणाली, "तुम्ही नाई, हे झोपून राहिले हायेत."

तोंडाची तिखट आहे. मला आवडलं नाही, पण मी गेले. मी नसते तर झटके किती आणि कधी ते कुणी सांगितलं असतं? मी दुसरीत शाळा सोडली. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा वर्षांचं लिहून ठेवलं आहे. झटका आला की त्या तारखेवर काजळाचा ठिपका. जुनी कॅलेंडरंही गुंडाळून ठेवली आहेत. यंदाचं आणि गेल्या वर्षाचं काखेत मारलं आणि अर्जुनीहून गाडीत बसले.

डॉक्टरबाईने कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, एवढं नीट लिहिलेलं माझ्याकडे शिकलेले लोकही आणत नाहीत."  मी खुर्चीत जरा मागं टेकून बसले.

मग तिने प्रश्न सुरू केले. कधी कुठल्या गोळीने अंगावर पुरळ आलं का. मूतखडा झाला होता का. झोप कशी. उदास राहतो का. काम काय करतो. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का. मी उत्तरं देत होते. तिने हात वर केला. "आजी, यांना बोलू द्या."

"त्याले बोलता येत नाई जास्त," मी म्हणाले.

"थांबते ना मी," ती म्हणाली आणि खरंच थांबली. बाहेर नंबरवाला पोरगा हिंदीत ओरडून राहिला होता, पंचेचाळीस नंबर, पंचेचाळीस नंबर, आणि ही बाई पेन खाली ठेवून माझ्या पोराकडे बघत बसली होती. मला घाई झाली. मी पदराचा काठ मुठीत घेतला.

"तुम्हाला या औषधातून काय पाहिजे?" तिने त्याला विचारलं.

चौदा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तो हिरड्या झाकत, हळू बोलला, "मले तलावाच्या पाळीवर उभं राहायचं हाये."

डॉक्टरबाईने जुन्या गोळीचं सांगितलं, की हिरड्या आणि ती चाल तिच्याचमुळे, आणि झटकेही पूर्ण थांबत नाहीत, तर आता दुसरं बघू. मग नव्या गोळ्यांचं सांगितलं. एक आहे ती फार हळूहळू वाढवावी लागते, घाई केली की अंगावर पुरळ उठतं, कधी वाईट उठतं. एक आहे तिने वजन उतरतं, पण बोलताना ओठावरचा शब्द सापडत नाही. एक सुरू करायच्या आधी हृदयाची पट्टी काढावी लागते. आणि एक आहे ती लवकर लागू पडते, दुसऱ्या औषधांशी तिचं भांडण होत नाही, पण काही माणसांना ती चिडकं करते.

"सगळ्यात चांगली कोणती तेवढं सांगा," मी म्हणाले.

"तसं नसतं आजी. कुणाला कोणती, असं असतं."

"मग ती चिडकीवाली द्या. माझ्या पोराले चिडता येतच नाई."

नूतन माझ्याकडे बघून हसली. हेमेंद्रही हसला, तोंडावर हात ठेवून.

डॉक्टरबाईने कागदावर रकाने आखून दिले. नवी पिवळी गोळी सकाळ-संध्याकाळ, आधी अर्धी, मग पूर्ण. पांढरी तीनवरून दोन, दोनवरून एक, तीन महिन्यांत बंद. हे मला पटलं. नव्या नहराचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही जुनं पाणी तोडत नाही. जाताना म्हणाली, झटका आला तर तारीख लिहा आणि राग आला तरी तारीख लिहा. एकट्याने पाण्याजवळ जायचं नाही. तीन महिने काही झालं नाही तर कुणीतरी सोबत असताना पाळीवर जाऊ द्या, काठापासून लांब. आणि काहीही झालं तरी आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, सुरूही करायची नाही.

हे शेवटचं तिने माझ्याकडे बघून सांगितलं. मी मान हलवली होती.

आषाढात एक ठिपका पडला. श्रावणात एकही नाही. भाद्रपदात एकही नाही. चौदा वर्षांत दोन महिने कोरे गेले नव्हते. मी रोज सकाळी कॅलेंडरापुढे उभी राहायची. आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही. पण माझा पाय घरात ठरेना. धानाचं रोवणं झालं होतं, घरात तसं काम नव्हतं, तरी मी परसातून अंगणात आणि अंगणातून परसात. कारण त्याची चाल सरळ झाली होती. सरळ चालणारा माणूस कुठंतरी जातोच.

आणि बोलणं. "माय, मी ताट नेतो, तू नको नेऊ." "माय, खत आज नाई टाकायचं, आभाळ हाये." "माय, मी सांगून राहिलो ना." आणि ते, चूप राय. रागाची तारीख लिहायला काजळ नको म्हणून मी हळदीचं बोट लावायची. भाद्रपदाच्या पानावर एकोणीस पिवळी बोटं झाली. नूतनने ते पान बघितलं आणि म्हणाली, "आत्याबाई, हे हळदीकुंकू झालं."

दुसऱ्या भेटीत मी ते पान डॉक्टरबाईपुढे आपटलं. "हे बघा तुमची गोळी. पोरगा हातातून गेला."

तिने बोटं मोजली. हेमेंद्रला विचारलं, आतून कसं वाटतं, मरावंसं वाटतं का, कुणाला मारावंसं वाटतं का. तो म्हणाला नाही. झोप? लागते. मग तिने नूतनला विचारलं, "तुमच्यावर चिडतात?"

"नाई मॅडम."

"मजुरांवर? जनावरांवर?"

"नाई. बैलायशी तर गाणे म्हणते हे."

"मग हे एकोणीस वेळा कुणावर?"

 हेमेंद्र खिडकीकडे बघायला लागला. नूतनने पर्सची चेन उघडली आणि लावली. मीच म्हणाले, "माझ्यावर. दुसऱ्या कोणावर चिडणार, घरात काम मी सांगते तर."

डॉक्टरबाई हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "गोळीचा राग असा माणूस बघून येत नाही आजी. तरी लक्ष ठेवू. वाढला तर दुसरी गोळी बघू, आहेत बऱ्याच. पांढरी आता पूर्ण बंद."

पूर्ण बंद, हा शब्द माझ्या कानात अडकला.

आमच्या तलावाला तुडूम आहे. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढायची मोरी. माझ्या सासऱ्यांनी मालकांना सांगितलं होतं आणि मालकांनी मला, की तुडूम कधी पूर्ण दाबून बंद करायचं नाही. बोटभर झिरपतं ठेवायचं. पूर्ण दाबलं की गाळ बसतो, आणि ज्या दिवशी धान करपतं त्या दिवशी ते उघडत नाही. आमच्या घरात हे शाळेतल्या पाढ्यासारखं शिकवलेलं आहे. डॉक्टरबाईला तुडूम काय माहीत. उरलेल्या पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या मी तांदळाच्या ढोलीत ठेवल्या होत्या. त्यातली एक रोज संध्याकाळी बत्त्याने बारीक करायची आणि त्याच्या पेजेत टाकायची. वरून ताक, मीठ, जरा मिरची. तो मुकाट्याने पिऊन टाकायचा. बोटभर झिरपतं, बाकी काही नाही, असं मी मनाला सांगितलं. ते तेव्हा खरंही होतं.

मग घटस्थापनेच्या आधल्या दिवशी पाण्याच्या कमिटीची बैठक झाली. कमिटीचा अध्यक्ष दुलीचंद. या वर्षी पाणी कोण सोडणार, असं विचारल्यावर हेमेंद्र उठून उभा राहिला. म्हणाला, मी आणि छोटेलाल, दोघं मिळून. लोकांनी बकारामची आठवण काढली आणि हो म्हटलं. मला हे तिसऱ्या माणसाकडून कळलं.

तो घरी आला तेव्हा मी दारात उभी होते. "पाळीवर तू जाणार नाई."

"जाणार."

"मी जिवंत हाये तोपर्यंत नाई."

"डॉक्टरबाईनं सोबत माणूस ठेवून जा म्हटलं हाये. छोटेलाल हाये."

"डॉक्टरबाई तुले पाण्यातून काढायला येईल?"

तेव्हा तो म्हणाला, अगदी हळू म्हणाला, ओरडला असता तर बरं झालं असतं, "माय, तुले पोरगा पायजे का वासरू? चौदा वर्षं दाव्यानं बांधून ठेवलं. मले वाटे दावं मिरगीचं हाये."

आणि आत गेला.

त्या संध्याकाळी मी पेजेत तीन गोळ्या टाकल्या. जुनं पुरं माप. तुडुमाचं कारण एका गोळीपुरतं होतं. तीन गोळ्यांचं कारण वेगळं होतं आणि ते मला बत्ता हातात असतानाच माहीत होतं. मला माझा "हो माय" परत पाहिजे होता.

तो आला. चौथ्या-पाचव्या दिवशी आला. दुपारी जेवून पडला की उठेना. मी म्हणाले, आज पाळीवर नको जाऊ, तर म्हणाला, हो माय. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. चार दिवस घर शांत होतं आणि माझा पायही ठरला होता. मग नूतन म्हणाली, "आत्याबाई, हे पुन्हा पाय फाकवून चालून राहिले. बोलता बोलता जीभ अडकते." तिने दवाखान्यात फोन लावला. तिथून सांगितलं, शनिवारी घेऊन या, तोवर पाण्याजवळ नको. मी हेमेंद्रला तेच सांगितलं. तो झोपाळलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, हे माझंच काहीतरी आहे. नूतननेही सांगितलं. पण शुक्रवारी तुडूम उघडायचा दिवस होता, आणि चौदा वर्षं थांबलेला माणूस एक दिवस थांबत नाही.

मी त्याला अडवू शकले असते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर तो घरात बसला असता, आणि आयुष्यात पुन्हा माझ्या हातची पेज प्याला नसता. मी नाही बोलले.

आमच्या परसातून पाळ दिसते. मी सकाळपासून तिथं होते. तांदूळ निवडायला घेतले, ठेवले. शेण काढायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं. पाळीवर दहा-बारा माणसं होती, त्यात त्याचा पांढरा सदरा. छोटेलाल त्याच्या शेजारी. मी बघून आत जायची आणि पाणी न पिताच परत यायची. तुडूम उघडलं असावं, कारण माणसं खालच्या बाजूला वाकली. आणि सदरा दिसेना.

एवढं वय झालं, गुडघे गेले, पण त्या दिवशी मी कशी पोचले ते मला माहीत नाही. तो शेताच्या बाजूने दगडांवरून घसरून खाली चिखलात बसला होता. कपाळ फुटलं होतं. डावं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. छोटेलाल त्याला मागून धरून होता. पाण्याच्या बाजूने गेला असता तर, हे मी तिथं उभी राहून एकदा मनात आणलं आणि मग परत आणू शकले नाही.

कुणीतरी जोडा घेऊन आला. मी तो हिसकावला आणि बांधीत फेकून दिला. "तुझ्या बापाले हुंगव."

"मिरगी नाई, माय," हेमेंद्र म्हणाला. जीभ जड होती. "सगळं दिसून राहिलं होतं. पायच गेला."

"मी पाहिलं काकू," छोटेलाल म्हणाला. "झटका नव्हता. दारू प्यायल्यासारखा झोक गेला फक्त."

पण दुलीचंद सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "नव्या गोळ्या, नव्या गोळ्या. झालं ना शेवटी तेच? उद्यापासून हे काम दुसऱ्याले."  हेमेंद्रने मान खाली घातली आणि म्हणाला, "बरोबर हाये दुलीचंदभाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत आम्ही तिघं. त्याच्या मनगटाला केशोरीच्या दवाखान्यातलं प्लास्टर. मी खिडकीशी बसले, मग उठून दाराशी गेले, मग परत आले. समोरची बाई म्हणाली, "अम्मा, बैठ जाओ, गिर जाओगी."  नूतन बोटांवर काहीतरी मोजत होती, दिवस असावेत.

डॉक्टरबाईने त्याला एका रेषेवर चालायला लावलं. तीन पावलांत भिंतीला हात लागला. मग पेन धरून म्हणाली, इकडे बघा, आता इकडे. डोळे कडेला गेले की त्याच्या बाहुल्या थरथरायच्या. मी ते जवळून बघितलं. भांड्यातलं पाणी धक्का लागल्यावर हलतं तसं. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे या नव्या गोळीचं वाटत नाही मला," ती म्हणाली. "जुनी बंद होऊन महिना होत आला. असं व्हायला नको. रक्त तपासून बघावं लागेल. किंवा हीच गोळी मानवत नसेल, तर दुसरी सुरू करावी लागेल. ती हळू वाढवायची, म्हणजे परत पहिल्यापासून."

"नको मॅडम," हेमेंद्र म्हणाला. "कोणतीच नवी नको. जुनीच द्या. तीन."

"जुनीवर झटके येत होते तुम्हाला."

"येऊ द्या. दोन महिने मले वाटलं होतं की मी पण माणूस हाये. ते कमी वाटलं तर चालते. पण एकदा वाटून मग जाते, ते नाई चालत."

 डॉक्टरबाईने पेन उचललं. कागद ओढला.

 आमच्या घरच्या बाईने भर दवाखान्यात, सुनेच्या समोर, आपली चूक सांगावी असं कधी झालेलं नव्हतं. माझ्या सासूने नाही सांगितली, तिच्या चुका काही कमी नव्हत्या. पेन कागदाला लागलं तेव्हा मी म्हणाले, "लिहू नका."

सगळे माझ्याकडे वळले.

"जुनी बंद झालेली नाई. मी देऊन राहिले. पेजेत. आधी एक, मग पंधरा दिवस झाले, तीन."

बाहेर नंबर पुकारत होते. नूतनच्या तोंडून एकच शब्द आला, "पेजेत," आणि तिने बोटांवरचं मोजणं सोडलं. तिला दिवस जुळले असावेत.  हेमेंद्र माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी अनोळखी घरात शिरले आहे.

डॉक्टरबाईने पेन ठेवलं. रागावली, पण आवाज न चढवता. म्हणाली, दोन्ही मिळून जिवावर बेतलं असतं, पाण्यात पडला असता तर मी काय केलं असतं. मी म्हणाले, ते मी कालपासून विचारून राहिले स्वतःला, तुम्ही नका विचारू. मग तिने रक्त घ्यायला लावलं, पांढरी आता कशी आणि किती दिवसांत उतरवायची तो कागद नव्याने करून दिला. पिवळी तीच राहील म्हणाली. नवी गोळी चुकलेली नव्हतीच. झटका आलेला नव्हता, भाद्रपद कोरा होता आणि आतापर्यंतचा आश्विनही. आणि म्हणाली, गोळ्यांचा डबा आता यांच्याकडे राहील, यांच्या हातात, वेळ लावायला मोबाइल आहे.

"आणि आजींचं कॅलेंडर?" नूतनने विचारलं. टोमणा होता की काय, मला कळलं नाही.

"ते चालू ठेवा," डॉक्टरबाई म्हणाली. "फक्त काजळ. हळद बंद."

परतीच्या गाडीला दीड तास होता. गोंदियाच्या स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. नूतन पाण्याची बाटली आणायला गेली, मुद्दाम सावकाश गेली. मी उठले, प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेले, वजनाच्या काट्यापाशी उभी राहिले, परत आले. तो तसाच बसलेला. प्लास्टरचा हात मांडीवर.

"काऊन, माय?" तो म्हणाला. उलट नाही बोलला. नुसतं विचारलं.

एका गोळीचं कारण माझ्याकडे होतं, तुडुमाचं. ते सांगितलं असतं तर त्याने मानलं असतं, त्याला तुडूम कळतं. मी ते सांगितलं नाही.

"मले तू घरात पायजे होता," मी म्हणाले. "जिवंत पण पायजे होता आणि चूप पण. दोन्ही."

 तो रुळांकडे बघत म्हणाला, "मी आता तुझ्या हातची पेज कशी पिऊ?"

हे माझ्या वर्मी लागलं. चौदा वर्षं मी त्याला जपलं होतं आणि तो हे विचारून राहिला होता, आणि विचारायला त्याला हक्क होता. मला त्याच्या शेजारी बसवेना, उभंही राहवेना. शेवटी मी त्याच्यासमोर उभी राहिले, कंबरेवर हात ठेवले, आणि जे होतं ते सांगून टाकलं. आजूबाजूची चार माणसं ऐकत होती, ऐकू दिलं.

"पेज उद्यापासून तू आपल्या हातानं वाढून घे, आणि डबा तुझ्या पेटीत ठेव, किल्ली मले देऊ नको. उद्या कमिटीत मी येते. तू पडला तो माझ्यानं पडला, हे दुलीचंदसमोर मी सांगीन, आणि हात बरा झाला, ही चाल सरळ झाली, की पाळीवर छोटेलालसोबत तूच उभा राहशील, हेही सांगीन. आता तुझं ऐक. छोटेलालसमोर मले चूप राय म्हणाला, ते वाईट केलं, ते मी इसरणार नाई. पण राग गोळीचा नाई. तुझ्या बापाचाही नाई, तो बिचारा कधी चिडलाच नाई. हा राग माझा हाये, माझ्याकडून आलेला हाये, आणि चौदा वर्षांनंतर आला म्हणून मी घाबरली. ठेव तो. बोलायचं तर बोल, फक्त माणसं गेल्यावर बोल."